फॉरमॅट मारूनही पीसी अडकतोच : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

भाऊ, पीसी अडकत असेल तर फॉरमॅटच्या आधी तापमान आणि डिस्क तपासा, असं मी लेखात लिहिलं होतं; त्यावर एवढी लांब प्रतिक्रिया टाकली म्हणजे लेख शेवटपर्यंत वाचला हे नक्की, त्याबद्दल आधी धन्यवाद. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात इथंच लिहितो. तुमचा पीसी चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह, 1 टीबी हार्ड डिस्क, विंडोज 10, रॅम 4 ची 8 केली तरी फरक नाही. तुम्ही म्हणता की अडकत असेल तर सरळ फॉरमॅट मारायचा, तापमान बघा न् डिस्क बघा हे सगळं लोकांना घाबरवणं आहे, नागपुरात तर सगळ्यांचेच पीसी तापतात मग सगळ्यांचे काहून अडकत नाहीत, आणि शेवटी "दोन ओळीत उपाय सांगता येत नसेल तर लिहू नका".

बरं. पण तुमच्याच प्रतिक्रियेत वाक्य आहे, "फॉरमॅट मारल्यावर पंधरा-वीस दिवस मक्खन चालला, मग पुन्हा तेच." अहो मंग माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केला ना! विंडोजच बिघडलं असतं तर ते नवीन टाकल्यावर त्रास गेला असता, इतक्या लवकर कशाला परत आला असता. फॉरमॅटनंतर डिस्क रिकामी असते, सगळ्या फाइली एकमेकींच्या शेजारी असतात, सुरू होतानाच उघडणारे प्रोग्राम नसतात, म्हणून दुखणं झाकलं जातं. मग हळूहळू ब्राउझर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस, अपडेट असं सगळं परत येऊन बसतं आणि ती जुनी डिस्क परत धापा टाकते. अजून एक गंमत सांगतो, दुकानात फॉरमॅटला दिलेला पीसी बहुतेक वेळा उघडतात, ब्लोअर मारतात, रॅम काढून पुसून परत बसवतात. खरं काम त्या ब्लोअरनं केलेलं असतं आणि श्रेय जातं फॉरमॅटला. दुकानदारावर माझा राग नाहीये, गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण आकडे वाचत बसणार, पण आपल्या घरी आपल्याला वेळ असतो.

आता डिस्क, कारण तुमच्या केसमध्ये मला नव्वद टक्के तीच वाटते. तुम्ही लिहिलं की टास्क मॅनेजरमध्ये (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्क 100 टक्के दिसते पण खाली स्पीड तर फक्त एक-दोन एमबी आहे, म्हणजे टास्क मॅनेजर खोटं सांगतो. खोटं नाही सांगत. ते 100 टक्के म्हणजे डिस्क किती वेळ कामात अडकली होती ते, किती डेटा वाहिला ते नाही. 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7200 फेरे मारणाऱ्या डिस्कला एक फेरा मारायला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात, सरासरी अर्धा फेरा वाट पाहायची आणि वरून डेटा वाचणारं हेड जागेवर न्यायचं, म्हणजे इकडून तिकडून छोटे तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला 75-80 वाचनं, त्याच्या फार वर जात नाही. साध्या साटा एसएसडीत (फिरणारा भाग नसलेली नवी डिस्क) हाच आकडा हजारोंत जातो. म्हणून अँटीव्हायरस स्कॅन करतोय, विंडोज अपडेट उतरवतोय आणि तुम्ही एक्सेल उघडलं की माउससुद्धा थबकतो, आणि रॅम 8 ची 16 केली तरी यात काही व्हायचं नाही. (4 ची 8 केली ते पैसे वाया नाही गेले हं, विंडोज 10 आणि क्रोमला 4 मध्ये जीव गुदमरतोच. फक्त तो तुमचा आत्ताचा त्रास नाहीये.)

टास्क मॅनेजरच्या त्याच डिस्कच्या पानावर खाली सरासरी प्रतिसादाचा वेळ दिसतो मिलिसेकंदात. पीसी अडकेल नेमकं तेव्हा तो पाहा, आधी नाही नंतर नाही. दहा-वीस असेल तर डिस्क बरी आहे, पण शेकड्यात जाऊन तिथंच बसला किंवा हजाराच्या वर गेला तर तिचा जीव घाबरा झालाय. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाका, फुकट आहे, आणि त्यात 05, सी 5 आणि सी 6 या खराब भागांच्या ओळी बघा. कच्च्या आकड्याच्या रकान्यात शून्य पाहिजे. तिथं काही असलं, विशेषतः सी 5 मध्ये आणि तो आकडा वाढत असला, तर डिस्कचे काही भाग वाचले जात नाहीयेत आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ सगळं थिजतं. अशा डिस्कवर फॉरमॅट मारायच्या आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या राजेहो, लोक नेमकं हेच विसरतात. आणि सी 7 चा, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदला, डिस्क चांगली असूनही सैल नाहीतर खराब केबलपायी लोक नवीन डिस्क घेऊन येतात.

राहिला उन्हाचा प्रश्न. सगळ्यांचे काहून अडकत नाहीत? कारण पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचं ते ठरवतो. डिसेंबरात खोली 25 ला आणि कामाच्या वेळी प्रोसेसर 70 ला असेल तर नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) खोली 40 झाली की तोच प्रोसेसर 85 च्या आसपास जाणार. इथपर्यंत चालतं. पण हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी धातूची पाती) धूळ बसली असेल तर अजून दहा-पंधरा चढतात आणि बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा 100 च्या आसपास आहे, तिथं पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच स्पीड पाडतो. थोडा गार झाला की वाढवतो, परत तापला की पाडतो. तुमचा गेम दर काही सेकंदांनी झटका खातो म्हणता, तो असाही असू शकतो. बघायचं सोपं आहे, गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आत्ताचा स्पीड पाहा. बेस स्पीड 3.20 गिगाहर्ट्झ लिहिलाय, सीपीयूवर पूर्ण लोड आहे आणि तरी आकडा दीडवर पडतोय तर बहुतेक उष्णताच. काही काम नसताना कमी दिसतो ते नॉर्मल आहे, त्यानं घाबरू नका.

आणि तुम्ही लिहिलं की खोलीतला कूलर सुरू केला की जास्त अडकतो म्हणून व्होल्टेजची शंका आहे. व्होल्टेज पडलं तर पीसी बंद होतो नाहीतर रीस्टार्ट होतो, तो हळू चालत नाही. कूलरचा त्रास वेगळा आहे, त्याच्या ओल्या ताट्यांमधून (गवताच्या जाळ्यांमधून) येणारी ओलसर हवा थेट कॅबिनेटवर लागत असेल तर आतली धूळ चिकट होऊन हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर धरते, मग नुसता ब्लोअर मारून निघत नाही, मऊ ब्रश लागतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना राखेचं तर मी काय सांगू. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरात गरगरू देऊ नका. आणि इंटेल प्रोसेसरच्या सोबत येणाऱ्या पंखा-हीटसिंकला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात, त्यातली एक जरी उचकटली असेल तर हीटसिंक तिरपं बसतं आणि मग प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट कितीही भारी लावा, तापमान चढतच राहतं. चारही दाबून बघा.

यूट्यूब अडकतो तो मात्र तिसराच प्रकार असू शकतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीच्या) ओळीत व्हीपी 9 किंवा एव्ही 1 असेल आणि ड्रॉप झालेल्या, म्हणजे गाळलेल्या फ्रेम वाढत असतील तर तुमच्या चिपमधलं ग्राफिक्स ते स्वतः नीट उलगडत नाही, सगळा भार सीपीयूवर येतो. इंटेलमध्ये व्हीपी 9 ची पूर्ण सोय सातव्या जनरेशनपासून आहे. एच 264 इफाय (h264ify) नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब जुन्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ देतो, 1080 पर्यंतच, पण तुमच्या मॉनिटरला तेवढं बस झालं.

एक छोटं काम आजच करा. तुम्ही रोज शटडाउन करता ना, तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम (पीसी सलग किती वेळ चालू आहे ते) बघा, कित्येक दिवस दाखवेल, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन पूर्ण होतच नाही. रीस्टार्ट केल्यावर होतं.

दोन ओळीत हे बसलं नसतं भाऊ, कारण तुमच्याकडे एक त्रास नाही, तीन आहेत आणि तुम्ही तिघांना एकच औषध देताय. नवीन पीसीचा विचार इतक्यात करू नका, पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि तुमचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही हे डोक्यात ठेवा. एसएसडी घेतली तर ती पुढच्या पीसीतही कामी येईल. बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जायच्या आधी फक्त ते तीन आकडे इथं टाका: अडकल्यावर डिस्कचा प्रतिसाद वेळ, सी 5, आणि गेम चालू असताना सीपीयूचा स्पीड. मग काय घ्यायचं न् काय नाही ते बोलू.