समुद्र नाही म्हणून मीठ नाही? सिरॅमिक बार्बेक्यूच्या त्या फॉरवर्डला उत्तर

कृषी पर्यटनवाल्यांच्या आणि ढाबेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. ताडोबा, पेंच, उमरेडकडचे होम-स्टेवाले तो एकमेकांना पाठवतात आणि मग आमच्या वेल्डिंगच्या दुकानात येऊन विचारतात, भाऊ, याचा स्टँड कधीपर्यंत होईल? मजकुराचा सारांश असा: अंड्याच्या आकाराची जाड सिरॅमिकची बार्बेक्यू कोकणात, गोव्यात खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं टिकते. विदर्भात तर समुद्रच नाही, हवा कोरडी. म्हणून इथे ती एकदा घ्यायची, विटांच्या ओट्यात सिमेंटने पक्की बसवायची, मिळेल तो कोळसा टाकायचा, नळीने धुवायची आणि विसरून जायचं. लोखंडी भाग सगळे स्टेनलेसचे, खात्री हवी तर चुंबक लावून बघा. धूर होत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आत घेतली तरी चालते. वर जन्मभराची हमी.

वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. जपानी चुलीवरून आलेली ही भट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी आपल्या देशात नेली आणि पुढे तिथल्या कंपन्यांनी साध्या मातीऐवजी जास्त टणक सिरॅमिक वापरायला सुरुवात केली. भिंत जाड असल्याने आच आत राहते. खालची आणि वरची झडप जरा-जराशी उघडी ठेवली, तर थोड्याशा कोळशावर ११० अंशांची मंद आच तासन् तास टिकते. मटणाच्या मोठ्या तुकड्याला असा विस्तव साध्या जाळीच्या शेगडीवर मिळत नाही. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने फक्त मडकं पाहिलंय. मडक्याला जोडलेला पट्टा, बिजागरी, स्प्रिंग, नट-बोल्ट, बिडाची झडप आणि झाकणाच्या काठाची नमद्यासारखी पट्टी त्याच्या हिशेबात नाहीच. किनाऱ्यावर काय किंवा इथे काय, आधी जातं ते हेच सामान.

आता समुद्र आणि मीठ. किनाऱ्यावरच्या हवेत लाटांच्या तुषारांतून मीठ येतं, लोखंडावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. मग दिवसभर उन्हात उभी असलेली भट्टीसुद्धा रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असते. स्टेनलेसवर जो अदृश्य रक्षक थर असतो, त्याला या मिठातलं क्लोराइड बारीक बारीक भोकं पाडतं. किनाऱ्यापासून आत जाल तसं हे मीठ भराभर कमी होत जातं. नागपूर मुंबईच्या समुद्रापासून सरळ रेषेत जवळपास ७०० किलोमीटर. तेव्हा नागपूर, भंडारा, गोंदियाकडे फॉरवर्डचं हे म्हणणं बरोबर आहे.

पण विदर्भ म्हणजे एवढाच नाही ना. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, तेल्हाऱ्याकडच्या माणसाला मीठ कुठून येतं हे सांगायची गरज नाही, ते त्याच्या बोअरमधून येतं. कोकणातले हॉटेलवाले धातूचे भाग अधूनमधून गोड्या पाण्याने पुसतात, कारण त्यांना बसलेलं मीठ काढायचं असतं. फॉरवर्डने ती रीत उचलली आणि नळीने धुवा म्हणून सांगून टाकलं, नळीतून काय येतंय हे न बघता. बोअरचं खारं पाणी बिजागरीवर मारलं की पाणी उडून जातं आणि मीठ स्प्रिंगच्या वेटोळ्यात राहतं. हवेत नसलेलं मीठ आपणच हाताने आणून दिलं. दुसरी जागा म्हणजे खताची खोली. पावसाळ्यात भट्टी आत ढकलतात ती बहुतेक तिथेच. पोटॅश म्हणून जे लालसर खत येतं ते पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. फुटक्या पोत्याची धूळ, वर श्रावणातली दमट हवा; मालवणात घडतं तेच इथे कवेलूच्या छपराखाली घडतं.

त्यामुळे धातूचे भाग पिण्याच्या गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावेत, लगेच कोरडे करावेत, बिडाच्या झडपेला खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. आणि आतलं सिरॅमिक कुठल्याच पाण्याने धुवायचं नाही. बाहेरून चकाकी असली तरी आतली बाजू बिनझिलईची असते आणि माठासारखी पाणी पिते. साबण लावला तर साबणही पिते. आतली चिकट तेलकट काजळी जाळूनच काढायची. दोन्ही झडपा उघडून आच चढवली की तिची राख होते, मग ब्रशने झाडायची.

चुंबकाची गोष्ट तर आमच्या धंद्यातली जुनी फसवणूक आहे. चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टेनलेस, असं गिऱ्हाईक समजतं. बाजारात २०२ नावाची जात सर्रास विकली जाते. तिच्यात महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. तिलाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण गंजाशी झुंजायची ताकद ३०४ पेक्षा कमी. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. किनाऱ्यासाठी सांगतात ती ३१६, तिच्यात वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे मिठाच्या भोकांना अडवतं. २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्हींत चुंबक फरक सांगू शकत नाही. जात बिलावर लिहून घ्या. देत नसेल तर दुकान बदला. माझं मत विचाराल तर विदर्भात स्टँडला आणि बोल्टला ३०४ पुरतं, खारपाणपट्ट्यातसुद्धा, पुसण्याची सवय असेल तर. ३१६ चे पैसे मालवणवाल्याने घालावेत. साधं लोखंड वापरायचं असेल तर रेडऑक्साइडवर चांगला रंग, आणि कोपरा जिथे खरचटला तिथे लगेच हात मारायचा. जाता जाता एक: स्टेनलेसच्या स्टँडशेजारी ग्राइंडरने साधं लोखंड कापू देऊ नका. उडालेला लोखंडाचा चुरा स्टेनलेसवर बसून गंजतो आणि शिव्या आम्हाला बसतात.

सिमेंटने पक्की बसवा, हा सल्ला या मजकुरात सगळ्यात महागात पडणारा आहे. दोन कारणांनी. पहिलं, सिरॅमिक तापलं की थोडं फुगतं. चारी बाजूंनी सिमेंट घट्ट भरलं, तर त्याला फुगायला जागा उरत नाही आणि ताण तडेच शोधतो. ओट्यातल्या भट्टीभोवती मोकळी फट हवी, आणि भट्टी खाली आपल्या पायांवर किंवा विटेच्या तुकड्यांवर स्वतंत्र टेकलेली हवी, म्हणजे बुडाखालून हवाही फिरते. लाकडी टेबलात बसवत असाल तर बुडाखाली जाड फरशी आणि तिच्याखाली पुन्हा फट. लाकडावर थेट ठेवायची नाही. दुसरं कारण आपली जमीन. मधल्या मापाची, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर जाळीची भट्टी एकटीच सत्तर किलोच्या पुढे जाते. ओटा धरला तर वजन कितीतरी वाढलं. हे सगळं जर काळ्या भारी जमिनीवर उभं असेल, तर ती जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ओटा एका कोपऱ्यातून उचलला जातो, दुसऱ्यातून खचतो. वावरातल्या विहिरीच्या कठड्याला, गोठ्याच्या भिंतीला तिरप्या भेगा कशाने जातात हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, तरी बार्बेक्यूच्या ओट्याला तो तीच जमीन देतो. ओट्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी थोडी जास्त काळी माती काढून टाका, मुरूम भरून धुम्मस करा, वर काँक्रीटचा थर घाला, आणि छपराचं पाणी त्या बाजूला पडणार नाही अशी पन्हाळ लावा. किंवा सरळ चाकांचा स्टँड घ्या, पण चाकं फरशीपुरती. शेणाने सारवलेल्या अंगणातून एवढं वजन ओढताना एक चाक रुतलं की भट्टी आडवी झालीच समजा, आणि आडवी झालेली सिरॅमिकची भट्टी सहसा पुन्हा वापरायच्या लायकीची राहत नाही.

हवा कोरडी, हे मे महिन्यात खरं. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेव्हाच्या दुपारी हवेत ओल शोधून सापडत नाही. पण तेच नागपूर जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत असतं. झड लागली की आठवडाभर काही वाळत नाही. गडचिरोलीकडे तर पाऊस आणखी जास्त. अशा वेळी दोन्ही झडपा बंद करून, वरून प्लास्टिकची ताडपत्री दोरीने आवळून ठेवलेल्या भट्टीत काय होतं? आत उरलेला कोळसा ओल धरतो आणि जाळीवर, भिंतीवर पांढरी-हिरवी बुरशी येते. छपराखाली ठेवा, उरलेला कोळसा आणि राख काढून टाका, झडपा थोड्या उघड्या ठेवा, झाकायचंच असेल तर हवा खेळेल असं कापड घाला, तेही भट्टी कोरडी असतानाच. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पेटवाल तेव्हा पहिल्याच दिवशी पाहुण्यांसाठी भडका करू नका. भिंतीत मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर ती सिरॅमिकला तडा देऊन बाहेर पडते. आधी १०० अंशांच्या जरा वर दोन-तीन तास मंद, मग हळूहळू चढती आच. बुरशीही त्यातच जळते. झिलईवर जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा वरच्याच असतात. नखाला लागणारी आरपार भेग मात्र वेगळी.

मिळेल तो कोळसा, हे चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात वाचलं की धस्स होतं. तिथे दगडी कोळसा स्वस्तात हाताशी येतो. त्यात गंधक असतं, डांबर असतं, आणि आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर. राखेने खालची जाळी चोंदते आणि डांबराचा वास बिनझिलईच्या भिंतीत कायमचा मुरतो. गोवऱ्यांचंही तसंच. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवातच खावेत, पण उघड्यावर. बंद भट्टीत त्यांची राख हवेची वाट बुजवते. इथे लागतो बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, मोठ्या तुकड्यांचा लाकडी कोळसा. रॉकेल अजिबात नको, तेही भिंत पिते. विझवायला पाणी ओतू नका, दोन्ही झडपा बंद केल्या की विस्तव आपोआप बसतो. झडपा आवळलेल्या असताना झाकण एकदम उघडलं तर आत शिरलेल्या हवेने भडका तोंडावर येतो. आधी दोन बोटं उचलून थोडं थांबायचं. उन्हाळी वाऱ्याच्या दिशेला खालची झडप ठेवू नका, आणि पऱ्हाटी, तुराट्या, कुटाराचा ढीग जवळ असेल तर भट्टी तिथे लावूच नका. एप्रिलच्या वाऱ्यात एक ठिणगी पुरते.

आत घेण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण इथे मतभेदाला जागा नाही. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं नाही. कोळसा कमी हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ही भट्टी तर कमी हवेवरच चालते. बंद खोलीत, दारं लावलेल्या पडवीत, तंबूत, थंडीत शेकायला म्हणूनसुद्धा ती नेऊ नये. विझत आलेलीही नेऊ नये.

राहिली जन्मभराची हमी. ती असते, पण बहुतेक कंपन्यांची ती सिरॅमिकपुरती आणि मूळ खरेदीदारापुरतीच असते. धातूच्या भागांना मुदत कमी, काठाची पट्टी झिजणारा माल म्हणून बाहेर, आणि पडून फुटलं तर काहीच नाही. दुसऱ्याच्या नावावर आणलेली किंवा जुनी घेतलेली असेल तर हमीचा कागद आधी वाचा. पडणं बहुतेक वेळा पट्ट्यामुळे होतं: तापून-निवून नट सैल होतात आणि एक दिवस झाकण उघडताना सिरॅमिकचा घुमट पट्ट्यातून निसटतो. हंगाम सुरू होताना, भट्टी पूर्ण थंड असताना, एकाने घुमट दोन्ही हातांनी धरावा आणि दुसऱ्याने पाना घेऊन दोन्ही पट्ट्यांचे नट आवळावेत. नट गंजून जाम झाले असतील तर जोर लावू नका. कापून काढा आणि ३०४ चे नवे टाका.