खुलासा: वणवा विझवणाऱ्या हेलिकॉप्टरने पाणबुड्याला उचलल्याचा मेसेज

तलावात पोहणारा पाणबुड्या हेलिकॉप्टरच्या बादलीत शिरला, पाण्यासोबत जळत्या जंगलावर टाकला गेला आणि त्याचा मृतदेह झाडावर सापडला, असा मेसेज पुन्हा फिरतोय. मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. तो चुकीचा आहे. ही दंतकथा कित्येक वर्षं जगभर फिरते आहे, पण अशी एकही घटना सिद्ध झालेली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या वणव्यासाठी हवाई दलाच्या एमआय-१७ ने भीमतालमधून ज्या बादलीने पाणी नेलं, तिला बांबी बकेट म्हणतात. ती हेलिकॉप्टरखाली दोराला लटकते. वैमानिक हेलिकॉप्टर पाण्याच्या वर हवेत एका जागी स्थिर ठेवून ती बुडवतो. त्या वेळी पंख्याचा वारा पाणी घुसळून काढतो आणि आवाज कान बधिर करतो. त्याच्याखाली नकळत कोणी पोहत राहील, हे शक्य वाटत नाही. काही मोठी हेलिकॉप्टरं नळीने पाणी ओढतात. सीएल-४१५ हे आग विझवणारं विमान तर पाण्यावरून सरपटत १२ सेकंदांत सुमारे ६,००० लिटर भरतं, पण त्याची पाणी घेणारी तोंडं काही इंचांचीच असतात. त्यातून माणूस जाणार कसा?

खरा धोका वेगळाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात एका खासगी ड्रोनने अशाच विमानाच्या पंखाला भोक पाडलं आणि आग पेटलेली असताना ते विमान उड्डाण न करता जमिनीवर अडकून पडलं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.