‘नाखवा’ यांना उत्तर, जरा लांबलंय

मागच्या लेखात मी आमची चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट गॅरेजमधे कशी रंगवली ते लिहिलं होतं. त्याखाली ‘नाखवा’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देतो:

“लेख मजेशीर आहे पण माहिती अर्धवट. सेल्फ-एचिंग प्रायमरवर इपॉक्सी प्रायमर मारायचा नसतो, दोघांचं जमत नाही, वर्षभरात फोड येणार. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी प्रायमर मारणं हीपण चूक. रजिस्ट्रेशनचा नंबर २ इंची नाही, ३ इंची लागतो. यूट्यूब बघून रंगारी झालेल्यांनी निदान दुसऱ्यांना शिकवू नये. फोटो छान. रंग मात्र एसटीचा.”

(नवीन वाचकांसाठी: प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा खालचा हात. सेल्फ-एचिंग म्हणजे ज्यातलं ॲसिड पत्र्याला किंचित खाऊन पकड घेतं तो, इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा, घट्ट सेट होणारा.) एरवी मी खालीच दोन ओळीत उत्तर देतो, पण हे तिथे मावलं नसतं.

आधी तुमचं बरोबर काय ते सांगतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की याला टीका सहन होत नाही. नंबर ३ इंचीच लागतो. कमीत कमी ३ इंच उंच, साधी ठळक अक्षरं, बोटीच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना, आणि मागच्या रंगावर उठून दिसतील अशी. आमच्या मिशिगनचा नंबर एमसीने सुरू होतो (एमआयने नाही, ते मिसिसिपीचं, सगळ्यांचा पहिल्यांदा घोळ होतो). माझ्या बोटीवर ३ इंचीच अक्षरं आहेत, लेखात टाइप करताना २ झालं. हवं तर फोटोवर पट्टी लावून बघा. दुरुस्त केलंय. आभारी आहे, मनापासून.

आता ते यूट्यूबचं.

साहेब, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, मग मी रंगकाम कुठे शिकलो हे तुम्हाला कसं कळलं? २००३ ते २०११ मी भोसरीला एका पावडर कोटिंगच्या (रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजायची) शॉपमधे होतो, नाव लिहीत नाही, पहिली तीन वर्षं शिफ्टला. ज्यांनी ते काम पाहिलंय त्यांना सात टाक्यांची लाईन म्हणजे काय ते माहीत असेल. पहिली डीग्रीजिंगची म्हणजे तेल काढायची, मग पाणी, मग गंज काढायची, परत पाणी, असं करत शेवटाला फॉस्फेट (रंगाला पकड मिळायला) आणि पॅसिव्हेशन (गंज रोखायला). ॲल्युमिनियमचा माल आला की फॉस्फेटच्या जागी क्रोमेट, त्यातनं बाहेर आलेल्या भागाला एक पिवळट सोनेरी झाक यायची आणि त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. यातली एकही गोष्ट मी यूट्यूबवर शिकलेलो नाही, तेव्हा आमच्याकडे घरी इंटरनेटसुद्धा नव्हतं.

तिथे आमचे एक फोरमन होते. माल डीग्रीजिंगमधून धुऊन बाहेर आला की ते हॅंगरवरचा एखादा भाग उचलून तिरका धरायचे, त्यावर मगभर पाणी ओतायचे आणि नुसते बघत राहायचे. पाणी अख्ख्या पत्र्यावर एकसंध चादरीसारखं पसरून सावकाश उतरलं तर पास. मधेच कुठे फाटलं, थेंब थेंब होऊन गोळा झालं, की तिथे तेल आहे, अख्खा हॅंगर परत पहिल्या टाकीत. बोलायचे काही नाहीत, फक्त मग खाली ठेवायचे, आणि त्या मगाच्या आवाजावरून आम्हाला कळायचं. आजही मी कुठलाही पत्रा रंगवायला घेतला की आधी पाणी ओततो. बायको म्हणते तू बोटीला अभिषेक करतोस.

तेच मी लेखात लिहिलं होतं आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही! १९७८ ची रिव्हेटवाली जुनी बोट, वर आधीच्या दोन मालकांचे दोन रंग, आत माशांची चिकट, मोटरचं ऑइल, आणि देव जाणे काय काय. लोक काय करतात, आणली की थेट सॅंडर लावतात. त्याने तेल निघत नाही, उलट घासल्याने ज्या बारीक रेघा पडतात त्यात ते दाबून बसतं. म्हणून आधी भांड्याचा साबण आणि गरम पाणी, मग ॲसिटोन, आणि ॲसिटोनसुद्धा दोन फडक्यांनी, एकाने ओलं लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने फिरवत बसलात तर तेल इकडचं तिकडे, एवढंच. फडकी सारखी बदलायची, माझे दोन जुने झब्बे त्यात गेले. आमचे तीन शनिवार यातच गेले आणि मी त्यावर चार परिच्छेद लिहिले. तुम्ही ते वगळून थेट प्रायमरवर आलात. रंग उखडतो तो बहुतेक वेळा खालचा पत्रा नीट साफ नसतो म्हणून, हे मी भोसरीत आठ वर्षं पाहिलंय, रिजेक्शनचा ढीग उपसून पाहिलंय.

आणि नुसती साफसफाईच नाही. रंगाआधी मी बोट ट्रेलरवर सरळ ठेवून आत चार इंच पाणी भरलं आणि खाली उताणा पडून कुठल्या रिव्हेटमधून गळतंय ते बघितलं. सतरा निघाले. प्रत्येकाभोवती मार्करने गोल. (मार्करची शाई नंतर ॲसिटोनने पुसून काढावीच लागते, नाहीतर वर कितीही हात मारा, निळी वर्तुळं रंगातून डोकावतात, हे मात्र मी चुकून शिकलो.) त्यातले अकरा आतून लोखंडाचा ठोकळा धरून आणि बाहेरून हातोडीने ठोकून घट्ट झाले, ठोकळा धरायला मुलगा होता, वय वर्षं तेरा, कानात हेडफोन. उरलेल्या सहांना आतून सीलंट. पत्रा घासायला लोखंडी तारेचा ब्रश मी वापरला नाही कारण त्याचे कण ॲल्युमिनियममधे रुतून बसतात आणि मग तिथूनच खायला सुरुवात होते. जुना रंग काढायला कॉस्टिकवालं काही वापरलं नाही, ते रंगाबरोबर पत्रासुद्धा खातं. मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात बोटीचा बारा अक्षरी आयडी असतो तो आणि आतली वजनाची पट्टी टेप लावून झाकली. हे सगळं लेखात आहे. अर्धवट माहिती म्हणजे नक्की कुठली अर्धी?

बरं, भोसरी सोडा. माझं आजोळ देवगडचं. आजोबांची स्वतःची होडी होती. पावसाळ्यात ती वर ओढून माडांच्या झावळ्यांखाली ठेवलेली असायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तिला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायचा कार्यक्रम असे, त्याचा वास आठवला तरी अजून डोळे चुरचुरतात. ते तेल अंगाला लागलं की कातडी सोलते, म्हणून आम्हा पोरांना लांब बसवायचे, पण मी जवळ जायचोच, एकदा मनगटावर डाग पडला तो आठवीपर्यंत होता. आता तुम्ही म्हणाल लाकडाच्या होडीचा इथे काय संबंध. संबंध हा की बोट रंगवणं ही गोष्ट मी सहा वर्षांचा असल्यापासून बघतोय. आणि ‘नाखवा’ असं नाव लावून कोणी नाखवा होत नाही, आमच्याकडे खरे नाखवा पाहिलेत, ते दुसऱ्याच्या होडीला नावं ठेवायच्या आधी निदान खाली वाकून तळ बघायचे.

हे जरा जास्त झालं असेल. राहू दे, लिहिलंय आता.

पत्रा रात्रभर उघडा ठेवल्याबद्दल. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरायला रात्र लागत नाही, घासून हात बाजूला घेईपर्यंत सुरुवात झालेली असते. दमट हवेत तो जाड होत जातो आणि वर धूळ, बोटांचे ठसे, म्हणून घासल्यावर काही तासांत प्रायमर मारावा हे खरंच आहे, मी नाही कुठे म्हटलंय? पण त्या दिवशी संध्याकाळी सातला पाऊस आला. गॅरेजचं दार उघडं, पत्रा गार, हात फिरवला तर ओलसर लागत होता. दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पत्र्यावर बसते) वर निदान ३ डिग्री सेल्सिअस पत्रा गरम पाहिजे, नाहीतर तुम्ही पाण्यावर रंग मारताय. अशा वेळी मारायला हवा होता का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळीकडे परत मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट (घासायची खरखरीत जाळी) फिरवलं, परत दोन फडकी, आणि मग प्रायमर. हे लेखात लिहायचं राहिलं कारण लेख आधीच लांबला होता. लिहिलं असतं तर तुम्ही लांबी काढली असती.

राहिला सेल्फ-एचिंगवर इपॉक्सीचा मुद्दा. त्यात खालच्या प्रायमरमधलं ॲसिड वरच्या इपॉक्सीला नीट सेट होऊ देत नाही असं म्हणतात. काही कंपन्या चालतं म्हणतात, बऱ्याच नको म्हणतात, ज्याने त्याने आपापल्या डब्याची डेटाशीट बघावी. माझ्या कॅनवर तसं काही दिसलं नाही (बारीक अक्षरं होती, चष्मा वर राहिला होता). आणि मी मधे पूर्ण दोन दिवस सुकू दिलं होतं. तर तो विषय संपला.

आणखी एकांनी विचारलंय की तळाला शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा लाल पेंट लावू का. नका लावू. ॲल्युमिनियमवर तांब्याचा ऑक्साइड म्हणजे पाण्यात बॅटरी, आणि त्या बॅटरीत खर्च होणारा धातू तुमची बोट. शिवाय आपल्या बोटी शनिवारी तळ्यात आणि रविवारी संध्याकाळी ट्रेलरवर घरी, शेवाळ धरायला वेळ कुठे मिळतो. हाच तांब्याचा घोळ ट्रेलरच्या लाकडातसुद्धा आहे. बोट ज्या दोन फळ्यांवर बसते त्या बाजारात मिळतात त्या औषध मारलेल्या, आणि त्या औषधात तांबं असतं. वर सतरंजीसारखं कार्पेट ठोकलेलं, ते आठवडाभर ओलं राहतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण खाली लागेल.

रंग. हो, एसटीचा आहे. खाली लाल आणि वर पिवळट पट्टा. बायको पहिल्या दिवसापासून तिला लाल डबा म्हणते, मुलाने मागे “विनंती थांबा” असं स्टिकर लावायचं ठरवलंय. केंट लेकच्या रॅम्पवर सकाळी सगळ्या बोटी हिरव्या किंवा चंदेरी, त्यात आमची लांबून ओळखू येते. एक म्हातारे गृहस्थ दर वेळी विचारतात की हा कुठल्या देशाचा झेंडा आहे का. तुम्हाला आवडला नाही, नसू दे, पण तो टोमणा म्हणून मारला असेल तर लागला नाही.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं. मागच्या आठवड्यात मागच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात तीन फोड दिसले, मसुराएवढे. एका वर्षात. पण ते बरोबर त्या ओल्या फळीच्या टोकाला आहेत, म्हणून वर फळ्यांचं सांगितलं. त्यातला एक मी काल नखाने उचकटला. इपॉक्सीचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा अलगद निघाला, सलग, जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा. आणि खाली तो करडा-हिरवा एचिंग प्रायमर जसाच्या तसा, पत्र्याला घट्ट चिकटलेला, नखाने खरवडूनसुद्धा निघेना. म्हणजे माझी घासाई आणि डीग्रीजिंग एकदम बरोबर होतं हे लक्षात घ्या.

तेवढा कोपरा या शनिवारी पत्र्यापर्यंत घासून परत करणार आहे. तुम्ही थेट पत्र्यावर कुठला इपॉक्सी मारता आणि खाली ८० चा पॉलिश पेपर वापरता की १२० चा, ते जरा लिहा. शुक्रवारच्या आत लिहिलंत तर बरं, दुकान लांब आहे.