अठरा पूर्ण झाल्यावर जायचं कुठे?

अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेली, अठरा पूर्ण झाल्यावर पुण्यात येऊन शिकलेली आणि एमपीएससीत दाखल्याअभावी अडलेली एक मुलगी थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचली आणि त्यातून हा निर्णय झाला. तेव्हापासून विषय निघाला की नातेवाइकांच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या गटांवर दोन तट पडतात. ‘आणखी एक आरक्षण कशाला?’ असं एक म्हणतो. ‘ज्यांना जात माहीत नाही, गाव माहीत नाही, त्यांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं?’ असं दुसरा विचारतो. मी पूर्णपणे दुसऱ्या तटाची आहे. तरी या सगळ्या वादात मला एक पोकळी दिसते. अठरा पूर्ण झाल्यावर संस्था सोडावी लागते, तिथपासून नोकरीचा अर्ज भरेपर्यंत सात-आठ वर्षं जगावं लागतं, आणि त्या वर्षांबद्दल दोन्हीकडे शांतता आहे.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात, स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेच्या, ‘लीव्हिंग केअर’ विभागात काम करते. घरात मारहाण, व्यसन, उपासमार किंवा दुर्लक्ष झालं म्हणून ज्यांना कौन्सिलने आपल्या ताब्यात घेतलं (यालाच इथे ‘केअर’ म्हणतात), ती मुलं मोठी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहत असताना त्यांच्यासोबत असणं हे माझं काम. त्याआधी मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मुलींच्या बालगृहात समुपदेशक होते. त्यामुळे अठरावा वाढदिवस मी दोन्हीकडे पाहिला आहे.

आमच्या बालगृहात त्या दिवसाची भीती सतराव्या वर्षापासून सुरू व्हायची. एरवी वर्गात पहिली येणारी मुलगी अचानक अभ्यास सोडायची, जेवायची नाही, धाकट्या मुलींशी भांडायची. विचारलं तर म्हणायची, ‘ताई, मला जायचं कुठे?’ तिला साठ जणींचा स्वयंपाक करता यायचा, पण एकटीपुरता भात लावता यायचा नाही, कारण तशी वेळच आली नव्हती. साबण, चप्पल, वही सगळं मोजून हातात मिळालेलं. उठणं, जेवणं, दिवा मालवणं घंटेवर. स्वतःहून काही निवडण्याचा सराव नसलेल्या मुलीने एका तारखेपासून खोली, काम, कॉलेज, मित्र आणि शत्रू सगळं एकटीने ओळखायचं. ज्यांना जायला जागाच नसायची त्यांच्यासाठी लग्न हा मार्ग काढला जायचा. सनई, मंडप, पाहुणे, वर्तमानपत्रात फोटो. त्यातल्या काही जणींचे संसार छान झाले, हे मला माहीत आहे. पण लग्नाला नाही म्हणण्याची सोय ज्या मुलीला नव्हती, तिच्या होकाराला मी होकार मानू शकत नाही.

कायद्यात काहीच नाही असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ नुसार संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजाच्या मुख्य प्रवाहात येण्यासाठी आर्थिक मदत देता येते. नियमांनुसार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीची, सोय करता येते. मुलांसाठी अनुरक्षणगृहं आहेत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तरुणांसाठी महिन्याला ४,००० रुपये धरले आहेत. पण हे सगळं देता येण्याजोगं आहे, देणं बंधनकारक नाही. नाही दिलं तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या अठरा वर्षांच्या मुलीला कोणी सांगत नाही. आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा लावला की ४,००० रुपयांत महिना संपत नाही, हे पुण्यात शिकलेल्या कोणालाही सांगायला नको.

इंग्लंडमध्ये हे वेगळं झालं ते इथली माणसं आपल्यापेक्षा मायाळू आहेत म्हणून नव्हे. इथेही एके काळी मुलांना सोळाव्या-सतराव्या वर्षी एखाद्या खोलीची किल्ली देऊन मोकळं केलं जायचं. त्यातली बरीच रस्त्यावर आली, तुरुंगात गेली. त्या मुलांनी मोठं झाल्यावर संघटित होऊन आवाज उठवला, आणि मग २००० साली स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक मुलासाठी एक ‘पर्सनल ॲडव्हायझर’ आणि पुढच्या वाटचालीचा लेखी आराखडा, ही कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी ठरली. २०१४ मध्ये मूल आणि सांभाळणारं कुटुंब दोघांची इच्छा असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरात राहण्याची सोय झाली. २०१७ च्या कायद्याने ॲडव्हायझरची मदत मागण्याचा हक्क पंचविसाव्या वर्षापर्यंत नेला. पहिलं घर लावताना पलंग, फ्रिज, भांडीकुंडी यांसाठी ३,००० पौंड देण्याची शिफारस सरकारने केली आहे. वेल्सने २०२२ मध्ये तर अठरा वर्षांच्या या मुलांना दोन वर्षं दरमहा १,६०० पौंड, करापूर्वी, विनाअट देण्याचा प्रयोग सुरू केला.

एवढं असूनही इथलं चित्र गोड नाही, आणि ते गोड करून सांगणं त्या मुलांवर अन्याय होईल. केअरमधून बाहेर पडलेल्या एकोणीस ते एकवीस वयाच्या तरुणांपैकी दहात जवळपास चार जण शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत, प्रशिक्षणातही नाहीत. सरकारच्याच एका पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या साधारण दर चार कैद्यांपैकी एकाने बालपणाचा काही काळ केअरमध्ये काढल्याचं दिसलं होतं. कौन्सिलांची तिजोरी रिकामी आहे. ॲडव्हायझर बदलत राहतात, आणि ज्या मुलाला लहानपणापासून माणसं सोडूनच गेली त्याला आणखी एक माणूस सोडून जातं. हे मी रोज पाहते आणि मला ते सहन होत नाही. तरीही इथे ती मुलगी कौन्सिलच्या दारात उभी राहून ‘हा माझा हक्क आहे’ म्हणू शकते. वकील तिच्या बाजूने पत्र लिहू शकतो. हा फरक लहान नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र पात्रतेचा निकष. इथला कायदा आईवडील हयात आहेत का, हे विचारतच नाही. चौदा पूर्ण झाल्यानंतर एकूण तेरा आठवडे तू केअरमध्ये होतास का, आणि त्यातला काही काळ सोळा पूर्ण झाल्यानंतरचा आहे का, एवढंच तो पाहतो. म्हणजे मुलाने काय भोगलं आणि तो कोणाच्या भरवशावर होता, यावर हक्क ठरतो.

आपल्याकडे सगळी चर्चा अनाथ या एकाच कसोटीवर घासली जाते. त्या एक टक्क्यासाठी लागणाऱ्या अनाथ प्रमाणपत्राचे नियम २०१८ नंतर बदलले, पण मुळातला प्रश्न तोच राहिला: आईवडील आहेत की गेले? आमच्या बालगृहातल्या बहुतेक मुलींचे आई किंवा वडील, काहींचे दोघेही, जिवंत होते. वडील दारू पिऊन मारणारे, आई दुसरं लग्न करून निघून गेलेली. कोणाची आई मनोरुग्णालयात, तर कोणाच्या घरात असं काही घडलेलं की अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीनेच तिला परत पाठवायला नकार दिलेला. या मुलींना प्रमाणपत्र मिळत नाही. त्यांना बाप आहे, असं कागद म्हणतो. जातीच्या दाखल्यासाठी त्याच बापाची कागदपत्रं आणायला तिला त्याच दारात जावं लागतं, जिथून पोलिसांनी तिला बाहेर काढलेलं असतं. संपूर्ण व्यवस्थेतली मला सर्वांत क्रूर वाटणारी गोष्ट ही आहे.

राज्याला हे कळत नाही असं म्हणायलाही जागा नाही. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकांची, तुरुंगात असलेल्या किंवा दुर्धर आजाराने खचलेल्या पालकांची मुलंही धरली जातात आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात. म्हणजे पालक जिवंत असूनही मूल पोरकं असू शकतं, हे अठरा पूर्ण होईपर्यंत सरकारला मान्य आहे. अठरा पूर्ण झाली की तेच मूल एकदम आईबाप असलेलं होतं. अठरानंतरचा विचार करायलाही सरकारला जमतं. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये योजना आणली, तेव्हा अठरा ते तेवीस दरमहा रक्कम आणि तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये अशी रचना केली. अठराव्या वर्षी मूल उभं राहत नाही, त्याला आणखी पाच वर्षं आधार लागतो, हे त्या योजनेने मान्यच केलं. मग हीच समज बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या वाट्याला का येऊ नये?

वझ्झरचं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात शंकरबाबा पापळकर अपंग, मतिमंद, बेवारस मुलांना सांभाळतात, त्यांना स्वतःचं नाव देतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना बाहेर काढू नये, त्यांच्यासाठी कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली, डोळ्यांनी अधू असलेली एक मुलगी त्यांच्याकडे वाढली, त्यांचं आडनाव लावून शिकली आणि त्याच २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तेव्हा ती पंचविशीत होती. तिला अठराव्या वर्षी गाठोडं बांधायला लावलं असतं तर ती परीक्षेपर्यंत पोचली असती का? एक टक्का आरक्षणाचा फायदा घ्यायला आधी कोणाच्या तरी छपराखाली पंचविशीपर्यंत टिकावं लागतं.

‘शेतकऱ्याच्या पोरालाही कोण काय देतं? तोसुद्धा अठराव्या वर्षी पिशवी घेऊन पुण्याला येतो,’ असं मला मित्र सुनावतात. हा मुद्दा मी झटकत नाही. त्या पोराचे हाल खरे आहेत आणि त्यालाही मदत मिळायला हवी. पण दिवाळीत वसतिगृह रिकामं करायला सांगतात तेव्हा तो गावी जातो. गावात कोरडवाहू दोन एकर असेल, कर्ज असेल, तरी ताटात त्याच्यासाठी भाकरी आहे. बालगृहातून आलेल्या मुलीला त्या दोन आठवड्यांत कुठे जायचं हे माहीत नसतं. आमच्या बालगृहातली एक जुनी मुलगी मला अजून फोन करते. एका दिवाळीत ती म्हणाली, ‘ताई, खोलीमालक म्हणतात वडिलांशी बोलायचंय. कुणाचा नंबर देऊ?’ इंग्लंडमध्येही घर भाड्याने घेताना हमीदार मागतात, आणि इथल्या काही कौन्सिल या मुलांसाठी स्वतः हमीदार राहतात. सुट्टीतही खोली सोडावी लागू नये म्हणून बरीच विद्यापीठं त्यांना वर्षभर राहण्याची सोय देतात. केअरमध्ये वाढलेल्या एका कवीने २०१३ मध्ये मँचेस्टरला अशा तरुणांसाठी नाताळच्या दिवशीचं जेवण सुरू केलं आणि ते पुढे इतर शहरांत पसरलं. हे कायद्याने होत नाही, पण कायद्याने वातावरण तयार केल्यावर होतं.

दुसरा एक समज मला घरी आल्यावर नेहमी ऐकायला मिळतो: ‘तिकडे काय, आईबाप मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, आपल्याकडे कुटुंब सांभाळतं.’ माझ्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांत पंचविशीतली मुलं घरी राहतात, आई त्यांचे कपडे धुते, वडील गाडीचा हप्ता भरतात. आणि आपल्याकडे ज्यांचं कुटुंब सांभाळतं त्यांचं ठीकच आहे. अठराव्या वर्षी बाहेर काढण्याची रीत आपण नेमकी त्या मुलांसाठी ठेवली आहे, ज्यांना परत यायला दार नाही. मामा-काकांनी वाढवलेल्यांचीही गत फारशी वेगळी नसते. त्यांना पोट भरतं, पण प्रत्येक घासाची आठवण करून दिली जाते. कमावतं झाल्यावर पहिला पगार कोणाला द्यायचा, लग्न कोणाशी करायचं, सगळं त्या उपकारात आधीच ठरलेलं असतं.

या मुलांना दयेने कवटाळणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. वाढदिवसाला बालगृहात जेवण देणारे, जुने कपडे पाठवणारे, दिवाळीत फराळाचे डबे आणणारे. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला आदर आहे. मात्र त्यातलं जवळपास सगळं अठराच्या आतल्यांसाठी असतं. बावीस वर्षांच्या, रात्रपाळी करून पदवीचं शेवटचं वर्ष पूर्ण करणाऱ्या, कधी चिडणाऱ्या, कधी फोन न उचलणाऱ्या मुलासाठी कोणी फराळ आणत नाही. माझ्याकडची मुलंही चिडतात. तीन वेळा काम सोडतात, मी पाठवलेली चिठ्ठी फाडतात, आणि मग सहा महिन्यांनी येऊन विचारतात, अजून माझं नाव यादीत आहे ना? असतं. पंचवीस होईपर्यंत असतं.

महाराष्ट्राला इंग्लंडइतका पैसा काढता येणार नाही, हे मला कळतं. पण कलम ४६ मधली मदत राज्याने स्वतःच्या नियमांत सक्तीची करणं, पात्रतेसाठी पालकांच्या मृत्यूऐवजी बाल कल्याण समितीच्या आदेशाखाली संस्थेत काढलेला काळ धरणं, आणि अशा मुलीला आई किंवा वडील जिवंत असले तरी त्यांच्या कागदांशिवाय दाखले देणं, याला फार खर्च येत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथे एका माणसाचं काम फक्त एवढंच असावं: या जिल्ह्यातल्या संस्थांतून गेल्या सात वर्षांत बाहेर पडलेला प्रत्येक तरुण आज कुठे आहे, हे त्याला माहीत असणं, आणि त्याचा नंबर त्या तरुणांकडे असणं.