मूल मंद निघणार म्हणे! आणि आईचं काय?

आमच्या तासगाव भागातल्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: ‘गरोदरपणी कोरोना झालेल्या आयांनो, सावधान! आईला काही झालं नाही, पण विषाणू नाळेतून बाळाच्या मेंदूत गेला, मूल मंद निघणार. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये पोटातली बाळं गेली ती लशीमुळे. बाधित आईचं दूध म्हणजे विष.’ खाली नेहमीचं, ‘दहा जणींना पाठवा’.

मी आरोग्य खात्यात नर्सबाई होते. कोरोनाची दोन्ही वर्षं उपकेंद्रात काढली. असले मेसेज मी पुसून टाकते. पण त्याच संध्याकाळी गल्लीतली एक आजी नातवाला घेऊन दारात उभी. पोरगा साडेचार वर्षांचा, बोलणं कमी. “बाई, ह्ये त्या कोरोनामुळंच व्हय?” म्हणून लिहायला बसले.

‘आईला काही झालं नाही’ ही यातली सगळ्यात मोठी थाप. दिवस भरत आले की गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसांना जागा कमी पडते. प्राणवायूची गरज मात्र पाचव्या हिश्शाने वाढलेली असते. शिवाय गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, आणि हा आजारही रक्ताच्या गाठी करणारा. म्हणून बाकीच्यांचा ऑक्सिजन 94 दिसला तर आम्ही पुन्हा मोजून बघायचो, पण पोटुशी बाईचा आकडा 95 च्या खाली गेला की लगेच मिरजेच्या मोठ्या दवाखान्याला गाडी. अमेरिकेत 2020 साली लक्षणं असलेल्या बायकांची मोजदाद झाली. दर हजार गरोदर बायकांमागे साधारण 10 जणींना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, त्याच वयाच्या गरोदर नसलेल्यांमध्ये 4 जणींना.

आपल्याकडचे आकडे जास्त बोचतात. आयसीएमआरने जून 2021 मध्ये दोन लाटांची तुलना जाहीर केली होती, 1,530 गरोदर बायका आणि बाळंतिणींची. पहिल्या लाटेत त्यांच्यातल्या 0.7 टक्के दगावल्या, दुसऱ्या लाटेत 5.7 टक्के. या दवाखान्यात नोंद झालेल्या बायका होत्या, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बाधित गरोदर बाईला हाच आकडा लावू नका. पण ‘काही झालं नाही’ असं लिहिणाऱ्याने एकदा या दोन आकड्यांकडे बघावं.

आता लस. इथे शास्त्र लागत नाही, कॅलेंडर पुरतं. गरोदर बायकांना लस द्यायला केंद्राने परवानगी दिली 2 जुलै 2021 रोजी. त्याआधी लसीकरण केंद्रावर पोट दिसलं की आम्हीच परत पाठवायचो, नियमच तसा होता. मग एप्रिल-मेमध्ये गेलेल्या बाळांचा दोष त्या आयांना मिळालेल्याच नसलेल्या लशीवर कसा टाकायचा? नंतर अनेक देशांत अभ्यास झाले, लशीने गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही.

बाळं गेली हे मात्र खरं, आणि ते आजारानेच. अमेरिकेतल्या साडेबारा लाखांच्या आसपास बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरोना असलेल्या आयांमध्ये मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण 1.26 टक्के निघालं, नसलेल्यांमध्ये 0.64. विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या काळात तर बाधित आयांमध्ये 2.7 टक्के. आपली दुसरी लाट डेल्टाचीच. यातली कितीतरी बाळं स्वतः बाधित नव्हती. आईचा ऑक्सिजन घसरला, कुठे बाळाला पोसणारी वारच सुजून निकामी झाली, बाळाला रक्त पोचेना. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही वाढली, तीही आई आजारी म्हणून.

म्हणजे ‘विषाणू थेट मेंदूत’ हेही तसं नाही. पोटातून बाळापर्यंत संसर्ग पोचतो, नाकारत नाही; 2020 च्या जुलैमध्ये पुण्याच्या ससूनमध्ये देशातलं असं पहिलं बाळ नोंदलं गेलं. पण बाधित आयांची शंभर बाळं घेतली तर जेमतेम दोनच बाधित निघतात.

आजीचा प्रश्न उरतो, आणि तिथे मेसेजमध्ये रतीभर खरं आहे, तेही सांगायला हवं. 2025 च्या शेवटी बोस्टनकडच्या डॉक्टरांनी अठरा हजारांवर मुलांचा तिसऱ्या वर्षापर्यंतचा माग काढला. पोटात असताना आईला कोरोना झालेल्या मुलांपैकी 16 टक्क्यांना उशिरा बोलणं, हालचालींत मागे असणं, स्वमग्नता असं काही ना काही निदान झालं. बाकीच्यांत जवळपास 10 टक्क्यांना. वय, इतर आजार वगैरे फरक हिशोबात धरले की शक्यता उरते 1.3 पट. ‘निघणार’ आणि ‘थोडी शक्यता वाढते’ यांत फार अंतर आहे. शंभरातल्या 84 मुलांना असं कुठलंच निदान झालं नाही. शिवाय हा नुसता संबंध आहे, एकामुळे दुसरं झालं याचा पुरावा नव्हे. न्यूयॉर्कच्या आधीच्या एका अभ्यासात तर साथीच्या काळात जन्मलेली बाळं सहाव्या महिन्यात किंचित मागे दिसली, मग आई बाधित असो वा नसो. दारं बंद, माणसं बंद, सगळा ताण. त्याचाही वाटा असणारच.

दुधाचं एका ओळीत: जागतिक आरोग्य संघटना पहिल्यापासून सांगत होती, मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. भीतीपोटी चीकसुद्धा पिळून फेकून दिलेली बाळंतीण मी पाहिली आहे. असल्या मेसेजचा मला राग येतो तो त्यामुळे.

आजीला मी विचारलं, मागून हाक मारली तर वळतो का? “टीव्हीवर गाणं लागलं की पळत येतंय.” तरी म्हटलं, आधी कान तपासून घ्या. उशिरा बोलणाऱ्या पोराचं पहिलं काम तेच. अंगणवाडीत वर्षातून दोनदा पोरं तपासायला सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा, ते पुढे पाठवतील. वाट बघत मात्र बसू नका.

सून मागेच उभी होती. सातव्या महिन्यात अकरा दिवस ऑक्सिजनवर काढलेली. तिला विचारलं, तुझी तब्येत कशी आहे गं आता?

ती सासूकडे बघून म्हणाली, “द्राक्षबागेत घड औषधात बुडवायला, डिपिंगला गेलं की दम लागतोय अजून.”

“ह्ये कधी बोलली न्हाईस,” आजी म्हणाली.

“तुमी कधी इचारलं?”