खेळणी खपवण्यासाठी काढलेली कॉमिक्स आणि जॅक कर्बी यांचा वाटा

सुपरहिरो कॉमिक्सच्या जाणकारांमध्ये एक प्रकारचे सोवळे पाळले जाते. खेळण्यांच्या कंपनीच्या मागणीवरून काढलेली मालिका म्हटली की ती वाचण्याआधीच निकालात काढायची, असा जणू दंडकच आहे. मला तो मान्य नाही, आणि अमेरिकेत १९८४च्या आसपास जे घडले ते पाहता कोणालाच तो मान्य होऊ नये.

सुपरमॅन छापणाऱ्या डीसी या कॉमिक्स कंपनीच्या नायकांच्या ॲक्शन फिगर, म्हणजे खेळण्यातल्या हलत्या बाहुल्या, काढण्याचा परवाना केनर या खेळण्यांच्या कंपनीला मिळाला, तेव्हा ‘ही-मॅन’ ही खेळणी काढणाऱ्या मॅटेलने खबरदारी म्हणून डीसीची प्रतिस्पर्धी असलेल्या मार्व्हलशी करार केला. फिगरच्या पाठीशी एखादे मोठे कथानक असावे, ही मॅटेलची मागणी होती. मुलांना कोणते शब्द भुरळ घालतात याची चाचणी कंपनीने घेतली आणि त्यातून ‘सीक्रेट वॉर्स’ हे नाव निघाले, असे मालिकेचे लेखक व मार्व्हलचे तत्कालीन मुख्य संपादक जिम शूटर यांनीच सांगितले आहे. बारा अंकांच्या या मालिकेत बियाँडर नावाची अज्ञात शक्ती सगळ्या नायकांना आणि खलनायकांना उचलून एका परक्या ग्रहावर आणते आणि शत्रूंचा नाश करा, हवे ते मिळेल, असे फर्मावते. खेळण्यांचा खोका फरशीवर पालथा करून दोन बाजू मांडणारे मूल याहून वेगळे काय करते? मला तरी हा कथेचा दोष वाटत नाही.

गंमत म्हणजे जाहिरात म्हणून ही मालिका फारच ढिसाळ होती. कथेत हल्क आणि थॉर आहेत, पण मॅटेलने त्यांच्या फिगर काढल्याच नाहीत. उलट डेअरडेव्हिल आणि फाल्कन यांच्या फिगर दुकानात आल्या, पण कथेत त्यांचा पत्ता नाही. खेळणी लवकरच बंद पडली. मात्र आठव्या अंकात स्पायडरमॅनला जो काळा पोशाख मिळाला, त्यातून पुढे १९८८ साली व्हेनम हा खलनायक उभा राहिला.

केनरने काढलेल्या डीसी नायकांच्या ‘सुपर पॉवर्स’ या फिगरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या फिगरचे पाय दाबले की सुपरमॅन ठोसे मारत असे, आणि पहिल्या दोन वर्षांच्या पाकिटांत प्रत्येक फिगरसोबत चिमुकले कॉमिक मिळे. शिवाय डीसीने याच नावाच्या मालिका वेगळ्या काढल्या. त्यांपैकी १९८५ सालचे सहाही अंक मार्व्हल आणि डीसी या दोन्हींसाठी काम केलेले ज्येष्ठ चित्रकार जॅक कर्बी यांनी चितारले. डीसीचा खलनायक डार्कसाइड आणि त्याचे सगळे गोत कर्बी यांनीच १९७०च्या सुमारास निर्माण केले होते, पण तेव्हाच्या रिवाजानुसार ती पात्रे कंपनीच्या मालकीची झाली. आता त्यांच्या फिगर निघणार होत्या. तेव्हा डीसीच्या व्यवस्थापनातील जेनेट कान आणि पॉल लेविट्झ यांनी कर्बी यांच्याकडून त्या पात्रांची रूपे नव्याने आखून घेतली, जेणेकरून निर्मात्याला वाटा देण्याच्या नव्या पद्धतीनुसार त्यांना रॉयल्टी देता यावी. म्हणजे ज्या उद्योगाने आयुष्यभर त्यांच्याकडून पानामागून पान काढून घेतले, त्यातून त्यांच्या हाती काही यायला खेळण्यांचे निमित्त व्हावे लागले.

याच काळात, पूर्वी मार्व्हलसाठी हाताने काढलेली मूळ पाने परत मिळावीत म्हणून, त्या कंपनीशी त्यांचा वाद चालू होता. इतर चित्रकारांची मूळ पाने एका साध्या कागदावर सही घेऊन परत केली जात होती. कर्बी यांच्यापुढे मात्र अटींनी भरलेला लांबलचक करारनामा ठेवला गेला होता. १९८७ साली त्यांना जी पाने मिळाली, ती त्यांनी काढलेल्या एकूण पानांचा लहानसा हिस्सा होती. ‘शुद्ध’ कॉमिक्सचा कैवार घेणाऱ्यांनी या दोन व्यवहारांची तुलना जरूर करावी.

‘सुपर पॉवर्स’चे ते सहा अंक थोर आहेत, असा माझा दावा नाही. रेषा थकलेली आहे आणि संवाद बेतासबात आहेत. पण त्या रेषेचा मोबदला निदान ती ओढणाऱ्यापर्यंत पोहोचला होता, आणि त्याच दशकातील किती तरी नावाजलेल्या अंकांबद्दल एवढेही म्हणता येत नाही.