खलास

मस्कतहून येऊन पाच दिवस झाले पण ती लवंग अजून छातीत कुठेतरी आडवी बसलीय असं वाटतंय. डॉक्टर म्हणतो काही नाही, ॲसिडिटी आहे. डॉक्टर तिथे नव्हता.

मेहुणा तिकडे नोकरीला, रमजानात तिकीट स्वस्त मिळालं, गेलो. संपली प्रस्तावना. पण जायच्या आधी मी व्यवस्थित अभ्यास केला होता हे मात्र सांगू द्या. फुल पँट, बायकोच्या डोक्याला ओढणी, ‘रमजान’ नाही ‘रमदान’ म्हणायचं, आणि मेन म्हणजे सूर्य मावळेपर्यंत चारचौघांत खायचं नाही, प्यायचं नाही, सिगरेट नाही, च्युइंगमसुद्धा नाही. ओमानमध्ये हा नुसता शिष्टाचार नाहीये, कायद्याने गुन्हा आहे, आणि गाडीत बसून खाल्लं तरी ते चारचौघांतच धरतात असं मेहुण्याने एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच ऐकवलं, माझ्या हातातल्या भाकरवडीकडे बघत.

दोन दिवस मी आदर्श पाहुणा होतो. सुलतान काबूस मशिदीत बिगरमुस्लिमांना सकाळी 8 ते 11 सोडतात, शुक्रवारी तेही नाही, तर आम्ही 8 ला हजर. तिथल्या 14 मीटर उंच झुंबराखाली मी आवंढासुद्धा बेताने गिळला. बायको हळूच म्हणाली, "माझ्या चतुर्थीला समोर बसून मिसळ हाणतोस, वर तर्री मलाच मागतोस." हा मुद्दा गैरलागू होता. चतुर्थीला खिचडी असते, दाण्याचा लाडू असतो, रताळ्याचा कीस असतो, इथे पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, तुलनाच नाही. हे मी तिला बोललो नाही. तेवढी अक्कल लग्नानंतर आलीय.

तिसऱ्या दिवशी मत्रा. म्हणजे मस्कतचं जुनं बंदर आणि त्याला लागून असलेला सूक, बाजार. (मेहुण्याने नाव फॅमिली ग्रुपवर इंग्रजीत टाकलं होतं, सासूबाईंनी ते सगळ्यांसमोर ‘मूत्रा’ असं वाचलं आणि तिथे कशाला जाताय म्हणाल्या.) विमानातल्या एसीने माझा घसा बसलेला, आणि घसा बसला की आमच्याकडे तोंडात लवंग धरतात. सवयीने धरली. शपथ सांगतो, चघळत नव्हतो, नुसती गालात होती. छप्पर घातलेली गल्ली, लोबानाचा धूर, दुपारची म्हणून अर्धी दुकानं आवरायला लागलेली, आणि एक लोबानवाला म्हातारा, पांढरा पायघोळ डिशडाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, वय सत्तरच्या पुढे, त्याने माझ्याकडे बोट करून खणखणीत हिंदीत विचारलं, "मुंह में क्या है?"

शाळा सुटल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गिळली. अख्खी, बोंडासकट. डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ, आणि म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. "अरे सदीक! बीमार है? माफी मुश्किल, माफी मुश्किल!" सदीक म्हणजे मित्र. पण मला वाटलं माफी मिळणं मुश्किल आहे. म्हटलं झालं, आता जेल. तर तिकडे त्याचा अर्थ ‘काही प्रॉब्लेम नाही’.

त्याने दंडाला धरून मला दुकानाच्या गल्ल्यामागे नेलं, एक चादर ओढली, हातात पाण्याची बाटली कोंबली, आणि स्वतः पहाटेपासून कोरडा असलेला तो माणूस बाहेर पहारा देत उभा राहिला. इथवर मी गहिवरलो होतो. पण पहारेकऱ्याने गप्प राहायचं असतं ना. "खलास?" तो ओरडला. म्हणजे संपलं का. आपल्याकडे खल्लास म्हटलं की माणूस संपतो. मी म्हटलं, नाही अजून. समोरच्या पश्मिनावाल्याने विचारलं, अंदर कौन है? "हिंदी आदमी. पानी पीता है." पलीकडच्या अत्तरवाल्याने विचारलं. "हिंदी आदमी. पानी पीता है." गल्ली लांब आहे हो मत्र्याची. त्यात चादर आखूड, गुडघ्याखालचा मी बाहेरच. बायकोने माझ्या सँडलांचा फोटो काढला, तोही आता ग्रुपवर आहे.

मग चादरीच्या फटीतून एक हात आत आला, हातात खजुरांची वाटी. "खाओ. खलास." मी म्हटलं हो, खलास, झालं माझं. "हां हां, खलास!" वाटी आणखी पुढे. हे बराच वेळ चाललं. खलास ही खजुराची जात असते हे रात्री मेहुण्याने सांगितलं.

आणि त्याच फटीतून मला काय दिसलं, तर बंदरात लागलेल्या क्रूझवरून उतरलेला एक गोरा, हाफ पँटमध्ये, गल्लीच्या मधोमध उभा राहून बाटली घटाघटा रिकामी करतोय. कुणी हूं की चूं नाही. पश्मिनावाला त्याला वेलकम सर म्हणाला. लवंगेपेक्षा हे मला जास्त अडकलंय. दोन दिवस आवंढे मोजून गिळणारा मी, आणि झडती माझ्या तोंडाची? ह्यावर विनोद करायचा खूप प्रयत्न केला, होत नाहीये, राहू द्या. म्हाताऱ्याला सरळ विचारलं, तर म्हणाला, "वो नहीं समझता. तुम समझता है." म्हणजे समजणाऱ्याने चादरीमागे बसायचं.

बरं, ज्याच्या चादरीमागे पाणी प्यायलो त्याच्याशी घासाघीस कुठल्या तोंडाने करणार? "होजारी लोबान, धोफार का, नंबर वन." धोफार म्हणजे ओमानचा दक्षिण भाग, तिथल्या हिरवट खड्यांची एवढीशी पुडी, आठ रियाल. एक रियाल सव्वादोनशे रुपयांच्या वर आहे. मी चाचरत पाच म्हटलं. तर त्याने इतिहास काढला, 1970 पर्यंत मस्कतमध्ये रुपयाच चालायचा, तेव्हा यायचं होतं. खरंय ते, आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळे रुपये काढायची. पण त्याने भाव कमी होत नाही. आठ दिले. मेहुण्याने पुडी हुंगली आणि म्हणाला, सुपरमार्केटात तीनला मिळते.

आज संकष्टी. सकाळी पोह्यांची प्लेट घेऊन हॉलमध्ये येत होतो, तर बायकोने दंडाला धरून परत स्वयंपाकघरात नेलं, दाराला बेडशीट अडकवली आणि बाहेरून ओरडली, "खलास?"